मासा म्हणून खपलेली चादर

मंगळवारी अकराला वर बघा, असं अन्नाचं कार्ड आलं होतं.
हकीमपेठेहून पुण्याला जाताना सोलापूर वाटेत पडतं,
आणि वरून म्हणे सिद्धेश्वराचं तळं
अम्माच्या कुंकवाएवढं दिसतं.
सगळी गल्ली पत्र्यांवर चढली.
दासरींची म्हातारी तर चष्म्याशिवाय चढली.
नायना तेवढा खाली, मागावर.
म्हणाला, आत्ता थांबवला तर पट्टा पडतो कापडात.
पोरगं काय, सुट्टीला येणारच आहे.

विमान आलं का?
मी बारा वर्षांची. मला विचाराल तर आलं.
यल्लव्वा अजून म्हणते, ती घार होती.

नायनाला उडणारं एकच ठाऊक होतं: धोटा.
मागातून उसळला की समोरच्याचे दात पाडतो.
नायनाचे दोन त्यानंच नेले.
अन्ना लहानपणी उसळलेला धोटा शोधून आणायचा,
कांड्यांच्या टोपलीतून, एकदा गटारातून,
चड्डीला पुसून, टोक बोटानं तपासून
नायनाच्या हातात द्यायचा.
पुढं दयानंदमध्ये त्यानं गणित घेतलं,
डोळे सहा बाय सहा निघाले,
आणि पुरुषोत्तम वंगारी हे नाव
आमच्यातलं कुणी न पाहिलेल्या गावच्या यादीत लागलं.

डिसेंबरात दिव्यांना काळा कागद लागला.
गिरणीचा भोंगा पाळीलाही व्हायचा, सरावालाही.
अम्मा दोन्ही वेळा चूल विझवायची.
मास्तर सांगत, युद्ध इथून लांब आहे.
लांब कसं, अम्मा म्हणे, पोरगं तिथंच आहे की.

तार आली तेव्हा माझ्या सहाशे चाळीस विड्या झाल्या होत्या.
पोस्टमनला मराठी, अम्माला तेलुगू, तारेला इंग्रजी.
मधे विडी कारखान्याचे कारकून उभे राहिले.
त्यांनी 'मिसिंग'चं 'हरवलाय' केलं.
अम्माला जरा बरं वाटलं.
हरवलेलं सापडतं.
गड्ड्याच्या जत्रेत मी हरवले होते,
अन्नानंच खांद्यावर बसवून आणलं होतं.
कारकुनांनी चाळीस छाट काढल्या,
उरलेल्यांची मजुरी दिली.
बरोबरच होतं. सैल वळल्या होत्या.

चौघे गेले, तिघे परतले,
एवढं कळायला होळी उजाडली.
मग काळी ट्रंक. आत गणवेश, दाढीचा ब्रश,
शेंगाचटणीचा डबा, घासून ठेवलेला,
आणि आमच्याच मागावरची चादर, घडी न मोडलेली.
थंडीत का नाही घेतली, अम्मा ट्रंकेलाच विचारत राहिली.
तेवीस वर्षं. ट्रंक अर्धी रिकामीच होती.

नायना रडला नाही, मागही थांबवला नाही.
फक्त त्या उन्हाळ्यात रात्री जेकॉर्डची कार्डं घेऊन बसायचा
आणि भोकं पाडायचा. ठक. ठक.
किती दिवस, मोजलं नाही.
काय काढतोयस विचारलं तर म्हणे, सरक, उजेड अडतोय.
पहिली चादर उतरली तेव्हा आम्ही उलट, सुलट, कड्यावरून पाहिली.
दोन पंख, मधे लांब अंग, मागं शेपूट.
ज्यानं विमान वर पाहिलंच नाही
त्याचं विमान.

चाटी गल्लीत ती हातोहात गेली.
गिऱ्हाईक म्हणायचं, तो मासा दाखवा, निळा मासा.
दुकानदारानं आणखी शंभर सांगितल्या.
नायनानं विणल्या.
मासा म्हणूनच बिल केलं.

कितीतरी वर्षांनी सिव्हिलच्या व्हरांड्यात
एका म्हाताऱ्याच्या पायांवर ती दिसली,
निळा रंग पार राखेचा झालेला.
नातू बोट फिरवत होता तिच्यावर.
मासा, मला म्हणाला.
मी हो म्हटलं.
शेपटीपाशी एक दोरा सुटला होता,
तो वाकून दातानं तोडला.